डुकराचं मटण: खावं का, कोणतं आणि किती?

प्रश्न: नाताळ असो वा लग्न, आमच्या घरी डुकराचं मटण होतंच, एरवीही महिन्यातून दोनदा होतं. कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे डॉक्टरांनी 'रेड मीट बंद' सांगितलंय. थोडं चालेल, की फक्त चिकनच खायचं? (वसई)

उत्तर: रंग फिकट असला तरी डुकराचं मांस लाल मांसातच मोजतात, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेल्या बंदीत ते येतं. मात्र कोणता भाग खाता, यावर बरंच अवलंबून आहे आणि पुढच्या भेटीत तोच प्रश्न त्यांना विचारा. टेंडरलॉइन म्हणजे कण्याला आतून चिकटलेली लांबट पट्टी. तिच्या कच्च्या 100 ग्रॅममध्ये चरबी 2 ते 4 ग्रॅम, प्रथिनं साधारण 21 ग्रॅम आणि उष्मांक 110 ते 120 असतात. कातडं काढलेल्या चिकनच्या छातीचा हिशोबही जवळपास असाच आहे. पोटाच्या भागात, म्हणजे बेलीत, तेवढ्याच वजनाला चरबी 50 ग्रॅमच्या वर, उष्मांक 500 च्या वर आणि प्रथिनं जेमतेम 9 ग्रॅम. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते ती मुख्यतः संपृक्त चरबी. ती बेलीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 19 ग्रॅम असते आणि 2000 उष्मांकांच्या आहारात अख्ख्या दिवसाची मर्यादा आहे 22 ग्रॅम. मांडीचं मांस कातडं आणि वरची चरबी काढून घेतलं तर 5-6 ग्रॅम चरबीवर येतं, तसंच घेतलं तर 18-19 ग्रॅमवर जातं. तेव्हा दुकानात 'एक किलो द्या' म्हणू नका. 'मांडीचं, चरबी काढून' असं सांगा आणि तोडताना समोर उभे राहा.

घरी आणल्यावरही बरीच चरबी काढता येते. विंदालू (व्हिनेगर घातलेला तिखट रस्सा) आदल्या दिवशी करा, शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरा थर गोठलेला असेल, तो चमच्याने काढून टाका. त्यातला एक मोठा चमचा म्हणजे सुमारे 13 ग्रॅम चरबी, 115 उष्मांक. व्हिनेगरमुळे विंदालू दुसऱ्या दिवशी जास्तच मुरतो, त्यामुळे चवीचं नुकसान नाही. भांडं मात्र स्टीलचं किंवा मातीचं घ्या, ॲल्युमिनियमला व्हिनेगर खातं.

काही घरांत वास जावा म्हणून मांस आधी उकळून ते पाणी ओततात. असं करू नका. डुकराच्या मांसाची खरी जमेची बाजू म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. 100 ग्रॅम कमी चरबीच्या मांसात ते एक मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे दिवसाच्या गरजेचा मोठा वाटा. चिकन-मटणात इतकं नसतं. ते पाण्यात विरघळतं, म्हणून रस्सा ठेवायचा आणि चरबी काढायची. उग्र वास बहुतेक वेळा वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या नराच्या मांसाला येतो. तो चरबीत साठतो आणि उकळून जात नाही. खच्ची केलेल्या किंवा कोवळ्या जनावराचं मांस मागणं हाच त्यावर उपाय.

प्रमाण सांगायचं तर सगळं लाल मांस मिळून, म्हणजे बोकडाचं धरून, आठवड्याला शिजलेलं 350 ते 500 ग्रॅम ही जागतिक कर्करोग संशोधन निधीची वरची मर्यादा आहे. शिजलेलं 100 ग्रॅम म्हणजे कच्चं 130 ते 150 ग्रॅम. कोलेस्टेरॉल वाढलेलं असताना याच्या निम्म्यावर राहावं आणि बेली सणापुरती ठेवावी, असं आमचं मत आहे.

प्रश्न: गोव्याहून चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणतो. ते घरगुती असतं, कारखान्यातलं नाही. मग ते 'प्रोसेस्ड' कसं? (सावंतवाडी)

उत्तर: प्रोसेस्ड हे कारखान्यावरून ठरत नाही. टिकवण्यासाठी मीठ लावलं, आंबवलं, धुरी दिली, खारवून वाळवलं की ते प्रक्रिया केलेलं मांस. चोरीसाला मीठ, मिरची आणि व्हिनेगर लावून मुरवतात, आतड्यात भरून वाळवतात, अनेक ठिकाणी धुरीही देतात. काही जण सोराही (मांस टिकवणारा क्षार) घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ऑक्टोबर 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे त्याने मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो याचा पुरावा पुरेसा आहे. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. ताजं लाल मांस त्याखालच्या गटात, 'बहुधा कारणीभूत', असं आहे. यातला 'रोज' हा शब्द विसरू नका. महिन्यातून एकदा चोरीस-पाव खाणारा आणि रोज न्याहारीला बेकन किंवा सॉसेज खाणारा यांचा हिशोब वेगळा आहे. आमचा आक्षेप दुसऱ्यावर आहे, त्यातही मुलांच्या डब्यात नेमाने जाणाऱ्या सॉसेजवर.

चोरीस कच्चंच असतं, वाळवलेलं असलं तरी पूर्ण शिजवा. आतडं काढून मांस मोकळं करा, पाण्यात कांदा आणि बटाट्याच्या फोडी घालून झाकण ठेवून मंद आचेवर 25-30 मिनिटं शिजवा. तेल घालू नका, त्याचीच चरबी सुटते. मीठही घालू नका. रक्तदाब असेल तर याला विशेष जपा, कारण दिवसाची एकूण मर्यादा 5 ग्रॅम मिठाची आहे. माणशी 50 ग्रॅम पुरे, बाकी बटाटा आणि कांदा.

प्रश्न: डुकराच्या मांसातला किडा मेंदूत जातो म्हणतात. म्हणून आम्ही खात नाही. कोबीही बंद केलाय. (नाशिक)

उत्तर: डुकराचं मांस न खाण्याचा निर्णय तुमचा; त्यावाचून आहारात काहीही अडत नाही. पण कारण चुकीचं आहे आणि त्यामुळे खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होतं.

हा पट्टकृमी, त्याचं नाव टीनिया सोलियम. त्याच्या दोन वाटा आहेत. कच्चं राहिलेलं, गाठी असलेलं मांस खाल्लं तर गाठीतली अळी आतड्यात वाढून लांब कृमी होतो. तो आतड्यातच राहतो आणि औषधाने जातो. मेंदूत गाठी होतात त्या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे. ही अंडी मांसात नसतात. ज्या माणसाच्या पोटात कृमी आहे त्याच्या विष्ठेतून ती बाहेर पडतात आणि अस्वच्छ हात, पाणी, न धुतलेली पालेभाजी यांतून दुसऱ्याच्या तोंडात जातात. म्हणूनच आयुष्यात मांसाला हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होतो, फिट येतात. कोबीतल्या हिरव्या अळीचा याच्याशी काही संबंध नाही. कोबी सुरू करा. वरची पानं काढा, उरलेली सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, शक्यतो शिजवून खा. जेवणाआधी आणि शौचानंतर हात साबणाने धुणं हा यातला सर्वांत मोठा बचाव आहे. घरात कुणाच्या शौचात पट्टीसारखे पांढरे तुकडे दिसले तर लगेच डॉक्टर गाठा. उपचार एकाचा झाला तरी वाचतं अख्खं घर.

जे खातात त्यांच्यासाठी: उघड्यावर फिरणाऱ्या डुकराचं मांस घेऊ नका. मानवी विष्ठा खाल्ल्याने गाठी त्यालाच होतात. बंदिस्त वराहपालनातलं, कत्तलखान्यात तपासलेलं घ्या. मांसात भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढरट, अर्धपारदर्शक दाणे दिसले तर ते परत करा, मात्र दाणे दिसले नाहीत म्हणजे मांस शुद्ध असं समजू नका. शिजवणं महत्त्वाचं. कुकरमध्ये 3 सेंटिमीटरचे तुकडे एका शिट्टीनंतर मंद आचेवर 15 मिनिटं ठेवले की पुरे. सगळी चूक होते ती तव्यावर आणि निखाऱ्यावर: बाहेरून करपतं, आत थंड राहतं. कच्च्या मांसाची सुरी आणि फळी कोशिंबिरीला वापरू नका.

प्रश्न: जिममध्ये कमी चरबीचं पोर्क खायला सांगितलं. तव्यावर केलं तर चामड्यासारखं होतं. (पुणे)

उत्तर: कमी चरबीच्या मांसाला जास्त वेळ सोसत नाही. टेंडरलॉइनच्या 2 सेंटिमीटर जाड चकत्या करा, शिजवण्याआधी अर्धा तास मीठ आणि लिंबू लावून फ्रिजमध्ये ठेवा, मग पाण्याने न धुता कोरड्या कापडाने टिपा. तापलेल्या तव्यावर एक चमचा तेलात दोन्ही बाजूंनी 3-4 मिनिटं द्या. मांसात खुपसायचा तापमापक घ्या, अंदाजावर जाऊ नका. अमेरिकेच्या कृषी खात्याचं प्रमाण अख्ख्या तुकड्याला 63 अंश सेल्सिअस आणि वर 3 मिनिटं विसावा, खिम्याला 71 अंश असं आहे. आपल्याकडे मांसाचा उगम ठाऊक नसतो, म्हणून तुकड्यालाही 71 धरा. 80 च्या पुढे नेलंत की चामडं झालंच. खांद्याचं मांस याच्या उलट वागतं. त्यातले चिवट धागे मऊ व्हायला दीड-दोन तास मंद आच लागते, ते तव्यावर करूच नका.

प्रश्न: स्वाइन फ्लू पोर्कमधून होतो का? (कोल्हापूर)

उत्तर: नाही. 2009 मध्ये पुण्यात पसरला तो माणसाकडून माणसाला, श्वासावाटे. 2020 पासून भारतात आढळणारा आफ्रिकन स्वाइन फीवर डुकरांना मारतो, माणसाला होत नाही.

प्रश्न: सून गरोदर आहे. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा गोव्याकडचा रस्सा) द्यावं का? सासऱ्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे. (म्हापसा)

उत्तर: सोरपोतेलात काळीज असतं, हरकत त्याला आहे. डुकराच्या 100 ग्रॅम काळजात अ-जीवनसत्त्व 6000 मायक्रोग्रॅमच्या वर असतं आणि गरोदरपणात दिवसाची कमाल मर्यादा 3000 आहे. जास्त झालं तर गर्भाला अपाय होऊ शकतो, पहिल्या तीन महिन्यांत विशेष. लोह भरपूर असतं म्हणून आग्रह करू नका, त्यासाठी डॉक्टरांच्या गोळ्या आहेत. सुनेसाठी काळीज न घालता केवळ मांडीच्या मांसाचं वेगळं करा, नीट शिजवून गरमच वाढा. सासऱ्यांना काळीज, गुरदा वर्ज्य, आणि रस्साही थोडाच, कारण युरिक ॲसिड वाढवणारी प्युरिनं रश्श्यातही उतरतात. साधं मांस 75 ग्रॅमपर्यंत, आठवड्यातून एकदा, तेही सांधा सुजलेला नसताना.