मैदानाच्या काठावरून : ८५ हजारांत देशाची जर्सी?

प्रश्न : सर, माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. बेझनबागच्या मैदानावर रोज संध्याकाळी खेळतो. एका अकादमीने त्याला पत्र दिलंय, 'आशियाई युवा फुटबॉल स्पर्धेसाठी भारतीय संघात निवड'. थायलंडला जायचं आहे, ८५ हजार भरायचे, आठ दिवसांची मुदत. हे म्हणतात, पाटल्या गहाण टाकू पण पाठवू. काय करू?
– एक आई, इंदोरा, नागपूर

उत्तर : ताई, पाटल्या आधी कपाटात ठेवा, मग पुढचं वाचा.

भारताच्या संघात निवड झालेल्या पोट्ट्याकडून कुणी पैसे घेत नाही. तिकीट, राहणं, जेवण, किट, सगळं भारतीय फुटबॉल महासंघ बघतो. पत्रात भरायची रक्कम दिसली की समजायचं, ही खासगी स्पर्धा आहे. अशा स्पर्धा थायलंड-सिंगापुरात भरतात, क्लब आणि अकादम्या प्रवेश फी भरून जातात. त्यात गुन्हा काही नाही. पोरं विमानात बसतात, परक्या पोरांशी खेळतात, मजा येते. पण त्याला 'भारतीय संघ' म्हणणं ही शुद्ध थाप आहे.

खरी स्पर्धा म्हणजे एएफसीचा, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचा, १७ वर्षांखालील आशियाई चषक. तिथं नुसतं पोचायलाच पात्रता फेरी खेळावी लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला आपली पोरं इराणशी खेळली. इराणला बरोबरी पुरत होती, आपल्याला जिंकणंच भाग होतं. पहिला गोलही त्यांचाच झाला. तरी २-१ ने काढली मॅच, तेव्हा कुठं सौदीचं तिकीट हाती आलं. २०१८ ला मलेशियात आपण गटात एकही गोल खाल्ला नव्हता. उपांत्य फेरी गाठली असती तर थेट पोरांचा विश्वचषक होता, पण दक्षिण कोरियाकडून ०-१ ने गेलो. ती मॅच मी कामठीत एका पानठेल्यावर, मोबाइल ब्रिस्टॉलच्या पाकिटाला टेकवून पाहिली. शेवटी ठेलेवाल्याने कुणाकडून पैसेच घेतले नाहीत. २०२३ ला जपानने आठ गोल मारले आपल्याला. पण आपणही चार मारले, हे कुणी सांगत नाही.

आता वयाचं. २०२६ च्या स्पर्धेला १ जानेवारी २००९ किंवा नंतर जन्मलेलाच चालतो. आणि तिथं नुसत्या दाखल्यावर भागत नाही, मनगटाचा एमआरआय काढतात. मनगटाजवळच्या हाडाचं वाढतं टोक पूर्ण जुळून आलेलं दिसलं, की पोट्टा बाद. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे दाखल्यात वर्ष-दोन वर्षं 'सरकवायची' खोड जुनी आहे. माझ्याच हाताखालचा एक डाव्या पायाचा विंगर असा गेला. दाखला त्याच्या मामाने बदलला होता आणि मला कळूनही मी गप्प बसलो. पुढच्या निवडीत तपासणीत सापडला. घरी जाताना एसटीत माझ्या शेजारीच बसला होता, कोंढाळीपर्यंत एक शब्द बोलला नाही.

तुमच्या मुलाचा दाखला खरा असेल, तर त्याच्याकडे वेळ आहे. भारतीय महासंघाच्या सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या नोंदणी यादीत, त्याची नोंद झाली आहे का, ते अकादमीला विचारा. नंबर मागा. 'बघू, करू' म्हणाले तर ओळखून घ्या. परदेशात संघ न्यायचा तर महासंघाची परवानगी लागते, तीही दाखवा म्हणा. शाळेचा संघ सुब्रतो चषकात उतरतो का ते पीटीच्या सरांना विचारा. १९६० पासून ही शाळांची स्पर्धा चालू आहे. जिल्ह्याच्या चाचणीची तारीख कळली की उन्हातान्हात पाठवा. जिल्हा, मग राज्य, मग बी. सी. रॉय करंडक, म्हणजे कुमारांची राष्ट्रीय स्पर्धा. देशाच्या शिबिरासाठी पोरं हेरणारे तिथं असतात. रस्ता लांब आहे, पण फुकट आहे.

झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे सरांना याच नागपुरात पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं दिसली होती. त्यांच्याकडून कुणी ८५ हजार मागितले नव्हते.

खर्च करायचाच तर त्याचे बूट बघा. या वयात पाय वाढत असतो आणि पोरं लाजेपायी सांगत नाहीत, बोटं दुमडून खेळतात. अंगठ्याचं नख काळं पडलंय का, तेवढं आज रात्री पाहून घ्या.

आणि ते पत्र फाडू नका, झेरॉक्स काढून ठेवा. मोहल्ल्यात आणखी दोन-चार घरी तसंच आलं असेल. विचारून बघा.