आधी अक्षरं की आधी गोष्ट?

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. वरिष्ठ म्हणतात, मुळाक्षरं पक्की झाल्याशिवाय पुस्तक देऊ नका. प्रशिक्षणात ऐकलं, गोष्टी वाचून दाखवा, अक्षरं आपोआप येतील. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही अर्धं. अक्षर आपोआप येत नाही, बाई. ते शिकवावंच लागतं. पण 'ज्ञ' येईपर्यंत मुलानं अर्थाचं काहीच वाचायचं नाही, हे कसलं वाचन? तक्त्याचा क्रम सोडा. क, म, ल, आ आणि काना, एवढंच घ्या. 'काल मामा आला' हे अख्खं वाक्य तयार! मग विचारा, मामानं काय आणलं? मुलं सांगतील ते फळ्यावर लिहा आणि त्यात आपला 'म' कुठं कुठं सापडतो ते त्यांनाच शोधू द्या. पुढच्या गटात दुसरी वेलांटी आधी घ्या. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, त्यात मुलं हमखास अडकतात.

गोष्टही रोज हवी, पण वेगळ्या वेळी. गोष्ट रंगात आली असताना 'हे कोणतं अक्षर?' विचारून तिचा विचका करू नका.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. धडा घडाघडा वाचते, दुसरं पुस्तक दिलं की गप्प.

उत्तर : धडा पाठ झालाय. चित्र झाका आणि मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा. अडली, तर त्याच धड्यातले शब्द उलटसुलट करून नवी वाक्यं लिहून द्या. 'गाय झाडावर चढली' असलं काही असेल तर उत्तम. हसली, म्हणजे कळलं. रागावू मात्र नका, पाठ करणारी मुलगी आळशी नसते.

प्रश्न : तिसरीच्या मुलांना मनानं लिहायला सांगितलं, तर शुद्धलेखनाचा पार बट्ट्याबोळ. त्यापेक्षा फळ्यावरचं उतरवून घेतलेलं बरं, नाही का?

उत्तर : नाही. उतरवणं म्हणजे हस्ताक्षराचा सराव. 'मि मामाकडे गेलो तीथं कुत्रा भुंकला' लिहिणाऱ्या मुलाकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, आणि आवाज ऐकून अक्षर शोधणंही त्याला जमतंय. आधी विचारा, कुत्रा कोणावर भुंकला? चुकांपैकी एकच निवडा : शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ. मी, पाणी, भाजी. ('आणि' अपवाद, तो मुलंच शोधून आणतील.) 'तिथं' पुढच्या आठवड्यात. लाल शाईनं भरलेली वही मूल पुन्हा उघडत नाही.

प्रश्न : निपुण भारत या सरकारच्या वाचन-गणित अभियानामुळे आम्ही घड्याळ लावून वाचन घेतो. योग्य आहे का?

उत्तर : अधूनमधून घ्या. तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द 'अर्थासह' असं उद्दिष्ट आहे. वर्गात नेमकं 'अर्थासह'च गळतं. वेग अगदी कमी असेल, तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते, म्हणून वेग मोजायचा. मोजून झाल्यावर दोन प्रश्न विचारा, त्यातला एक 'का' असलेला.

प्रश्न : मेळघाटात आहे. मुलं घरी कोरकू बोलतात, मराठी शब्द वाचतात पण अर्थ कळत नाही.

उत्तर : मग आधी बोलणं. गोष्ट मराठीत सांगा, उत्तर कोरकूत आलं तरी चालवून घ्या. त्यांचे शब्द देवनागरीत फळ्यावर लिहा. अक्षरं तीच आहेत. उच्चार चुकला तर मुलं दुरुस्त करतील, करू द्या.