दोन वर्षांच्या मुलाचा थयथयाट: आधी एवढंच सांभाळ

अगं, दोन वर्षांचं पोर लोळण घेतं तेव्हा ते तुला छळत नसतं. राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग या वयात फार कच्चा असतो. तो पुरता तयार व्हायला विशी उलटते. म्हणून ऐन रडण्यात समजावणं वाया जातं. जवळ खाली बस, आवाज हळू ठेव, "चॉकलेट हवं होतं ना, राग आला" एवढंच म्हण.

- रडं थांबवायला मोबाइल देऊ नकोस. 'नाही' म्हणजे नाहीच. आजी-आजोबांनाही आधीच सांगून ठेव, बहुतेक घरांत तिथेच फिसकटतं.
- मारलं, चावलं तर हात धर: "मारायचं नाही." पुढे व्याख्यान नको.
- दुपारची झोप हुकली तर बाजारात नेऊच नकोस.

चांगलं वागलं की खूण करायची, असे बक्षिसांचे तक्ते आत्ता राहू देत. रडताना श्वास रोखून निळं पडत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखव.