पाव शिळा, फळ ताजं

गेल्या महिन्यात याच पानावर फळं घातलेल्या फ्रेंच टोस्टबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्या अपुऱ्या पडल्या, हे तुमच्या पत्रांवरून कळलं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे.

ताई, तुम्ही लिहिलं तसंच केलं. सकाळी बेकरीतून ताजा पाव आणला, दोन अंडी कपभर दुधात फेटली, काप दहा मिनिटं भिजत ठेवले. तव्यावर टाकताना पहिलाच काप तुटला. बाकीचे वरून करपले आणि आत ओलेच राहिले. वर स्ट्रॉबेरी घातली तर ताटलीत नुसता लगदा. लेक म्हणाली, आई, त्यापेक्षा पोहे कर. माझं काय चुकलं?
— एक वाचक, कोल्हापूर

ताई, यातली मोठी चूक माझी आहे. पाव शिळा हवा, हे मी लिहिलंच नव्हतं. ताजा पाव स्वतःच ओलसर असतो. दूध आत घ्यायला त्याच्याकडे जागा नसते, आणि घेतलंच तर त्याची वीण सुटते. दोन दिवसांच्या पावात स्टार्च पुन्हा घट्ट होऊन बसलेला असतो. त्याची जाळी दूध पिऊनही उभी राहते.

आमच्या वाईच्या घरी पाव आठवड्यातून एकदाच यायचा. वडील कामावरून येताना स्टँडजवळच्या बेकरीतून आणायचे. दोन दिवस चहाबरोबर खाऊन जे काप उरत, ते आई रात्री पिठाच्या चाळणीवर एकेक सुटा मांडून ठेवायची, वर पातळ फडकं. सकाळी एक काप हातात घेऊन वाकवून बघायची. लवला तर अजून थांबायचं, कडेला मोडायला लागला की अंडी फोडायची. मी आजही तसंच करते. चाळणी मात्र हवी. ताटात ठेवलेल्या कापांना खालून दमटपणा येतो. घाई असेल तर काप तव्यावर अगदी मंद आचेवर, तूप न लावता, दोन्ही बाजूंनी कोरडे करून घ्या. रंग येऊ द्यायचा नाही.

एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. पाव बाहेरच्यापेक्षा फ्रीजमध्ये लवकर शिळा होतो, कारण थंडीत तो स्टार्च अधिक वेगानं घट्ट होतो. तेव्हा नुसता खायचा पाव फ्रीजमध्ये ठेवू नका, आणि टोस्टसाठीचा खुशाल ठेवा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी मात्र सगळा पाव टाकून द्यायचा. तेवढाच तुकडा काढून भागत नाही, बुरशीचे धागे आतपर्यंत गेलेले असतात.

फ्रान्समध्ये या पदार्थाचं नाव ‘पँ पेर्द्यू’ आहे, म्हणजे वाया गेलेला पाव. त्याच्याही कितीतरी आधी रोमन लोक पावाचे तुकडे दुधात भिजवून, तळून, वर मध ओतून खायचे. उरलेला पाव टाकवत नाही म्हणून जन्मलेलं हे खाणं आहे. त्यासाठी सकाळी बेकरीत जायचं कारणच नाही.

आता दुधाकडे येऊ. कपभर दूध दोन अंड्यांना फार होतं. चार कापांना दोन अंडी आणि अर्धा कप, म्हणजे साधारण १२० मिली दूध. त्यात चमचाभरच साखर, चिमूटभर मीठ आणि किसलेलं जायफळ. साखर वाढवली की ती आधी जळते आणि टोस्ट झाल्यासारखा दिसतो, आत मात्र कच्चा असतो. तुमचं तेच झालं असावं. फेटलेलं मिश्रण गाळून घ्या. पांढऱ्याच्या गाठी तशाच राहिल्या तर टोस्टवर उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे डाग दिसतात, आणि ज्यांना अंड्याचा हिवस वास आवडत नाही त्यांना तो तिथेच लागतो. दहा मिनिटं भिजवायची गरज नाही. बाजारच्या कापलेल्या पावाला एका बाजूला वीस सेकंद, उलटून आणखी वीस. घरी जाड कापलेला असेल तर मिनिटभर.

तव्याशी मात्र थांबावं लागतं. अंडं आणि दूध एकत्र घट्ट व्हायला ऐंशी अंशांच्या आसपासची उष्णता पुरते, आणि ती कापाच्या मध्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तवा आधी मध्यम तापवा, मग आच मंद करा. नुसतं लोणी घातलंत तर त्यातला दुधाचा अंश काळा पडतो, म्हणून मी साजूक तूप घालते आणि शेवटी वासापुरतं बोटभर लोणी. एका बाजूला तीन ते चार मिनिटं. उलथण्यानं दाबायचं नाही, आतलं सगळं तव्यावर येतं. झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका. मधोमध बोट हलकेच टेकवा. खड्डा पडून तसाच राहिला तर अजून वेळ आहे, वर उचलून आला तर झाला. उतरवलेला टोस्ट ताटात न ठेवता मिनिटभर जाळीवर ठेवा, नाहीतर स्वतःच्याच वाफेनं खालून ओला होतो.

आणि स्ट्रॉबेरी. पावकिलो असेल तर निम्मी चिरून स्टीलच्या पातेल्यात दोन चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाच्या रसाबरोबर दहा मिनिटं नुसती ठेवा. साखर तिच्यातलं पाणी ओढून घेते, वरून थेंबभरही घालावं लागत नाही. मग सहा-सात मिनिटं मंद शिजवा, चमच्याच्या पाठीला चिकटेल इतपत. लोखंडी कढईत नको, आंबट फळ काळं पडतं आणि लोखंडाची चव धरतं. गॅस बंद करून उरलेली निम्मी कच्ची स्ट्रॉबेरी त्यात मिसळा. शिजलेली पाक देते, कच्ची वास देते. सगळी शिजवली तर तो नुसता जॅम होतो, आणि जॅमच हवा असेल तर बाटली घरात असतेच. कोमट झाल्यावर, ताटली समोर आल्यावरच वर घाला. स्वयंपाकघरात आधी वाढून ठेवायचं नाही.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण डब्यावरचं नाव वाचून ती पिकली आहे की नाही हे कळत नाही. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पुढे पिकत नाही. देठाजवळ पांढरी असेल तर चार दिवस ठेवूनही गोड होणार नाही. पाचगणीच्या घाटात गाडी थांबवून घेताना मी डबा उघडून आधी वास घेते. विकणाऱ्या मावशींना त्याचं काही वाटत नाही.

लेकीला पुन्हा एकदा करून द्या. या वेळी ती पोहे मागणार नाही असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे संत्री भरपूर. फोडी साखरेत शिजवून टोस्टवर घातल्या, तर सगळं कडूजहर झालं. आमचं फळ गोड होतं हो!
— एक वाचक, नागपूर

फळ गोडच असणार. संत्र्याच्या पांढऱ्या सालीत, पापुद्र्यात आणि बियांत असं द्रव्य असतं, की रस काढून ठेवला किंवा तापवला की त्याचा कडूपणा हळूहळू वर येतो. संत्रं शिजवायचंच नाही. फोडी पापुद्र्यातून पूर्ण सोडवा, बिया काढा. दोन चमचे गूळ थोड्या पाण्यात वितळवून कोमट होऊ द्या आणि आयत्या वेळी फोडींवर घाला. वर चिमूटभर मिरपूड घालून बघा. मृग बहाराच्या संत्र्यावर ती मला फार आवडते.

अननसाचे तुकडे आणि साय घालून टोस्ट वाढला. पाहुणे यायला अर्धा तास उशीर झाला, तेवढ्यात साय कडू झाली. दूध खराब होतं का?
— एक वाचक, सावंतवाडी

दूध चांगलं होतं. न शिजवलेल्या अननसात प्रथिनं तोडणारं ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, आणि दुधातली प्रथिनं तुटली की कडू लागतात. इथे नागपूरच्या ताईंना सांगितलं त्याच्या उलट करायचं. अननस साखरेबरोबर पाच-सहा मिनिटं चांगला उकळून घ्या, उष्णतेनं ते विकर निकामी होतं. मग साय घाला, अर्धा तास थांबली तरी कडू होणार नाही. हापूसला अशी काहीच अडचण नाही. तो चिरायचा आणि घालायचा. साखर नको, शिजवणं तर मुळीच नको.

सासूबाई श्रावणात अंडं घरात येऊ देत नाहीत. बेसन लावून केलं तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

चालेल, पण ते पावाचं धिरडं होतं. कांदा-मिरची घालून ते छान लागतं, फळाखाली मात्र बेसनाचा वास येतोच. पाऊण कप दुधात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर कालवा. पावडर तळाशी बसते, म्हणून दर काप बुडवण्याआधी ढवळा. तूप थोडं सढळ घाला. अंड्याचा मऊपणा येणार नाही, कडा मात्र जास्त कुरकुरीत होतात. सासूबाईंना बहुधा त्याच आवडतील. श्रावणात स्ट्रॉबेरी नसते. केळं जाड चिरून तुपावर परता, वर वेलदोडा.

मुलीच्या बाळंतपणासाठी पोर्तुगालात पोर्तो शहरात तीन महिने होते. नाताळात शेजारच्या आजींनी पावाचे जाड तळलेले काप आणून दिले, वर साखर आणि दालचिनी. खुणेनं सांगत होत्या की हे बाळंतिणीसाठी. माझा समज बरोबर होता का? ते काय होतं?
— एक वाचक, ठाणे

ताई, तुमचा समज अगदी बरोबर होता. पत्र वाचून मला भरून आलं. नाताळात पोर्तुगालात घरोघरी करतात त्या ‘राबानादास’. त्यांचंच एक जुनं नाव ‘फातियास द पारिदा’, म्हणजे बाळंतिणीचे काप. अंगावर पाजणाऱ्या बाईला ताकद यावी म्हणून दूध, अंडं आणि पाव. आपण डिंकाचे लाडू आणि अहळिवाची खीर देतो, तसंच. त्या आजींनी तुमच्या लेकीला आपल्या लेकीसारखं मानलं.

करायची रीत थोडी वेगळी आहे. दूध दालचिनी आणि लिंबाची पिवळी साल घालून गरम करायचं, कोमट करायचं. शिळ्या पावाचे बोटभर जाड काप आधी त्या दुधात आणि मग वेगळ्या फेटलेल्या अंड्यात बुडवायचे. तेलात तळून गरम असतानाच साखर-दालचिनीत घोळवायचे. अंडं बाहेरच्या बाजूला राहतं, म्हणून तळताना दूध आतच कोंडतं. मी गेल्या आठवड्यात असे करून बरोबर पुरंदरची अंजिरं ठेवली, नुसती चिरलेली. घोळवलेल्या साखरेवर पाक नको, ती विरघळते.

आजींकडे त्या दुधात आणखी काय पडतं, ते लेकीला विचारून मला कळवाल का?