‘बधुं टिक करी नाख्युं’ : अ‍ॅड ब्लॉकरच्या लिस्टांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात ब्राउझरमध्ये अ‍ॅड ब्लॉकर कसा बसवायचा ते लिहिलं होतं. बऱ्याच जणांनी बसवला, मग सेटिंग उघडलं आणि फिल्टर लिस्टांची (काय अडवायचं त्या नियमांच्या याद्यांची) लांबलचक रांग पाहून काही जण दचकले. उरलेल्यांनी सगळ्यावरच टिक केलं. बडोद्यातून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न (मांजलपूर) : ताई, ‘मम्मी, बधुं टिक करी नाख्युं, हवे एक पण एड नहि आवे’ (सगळ्यावर टिक केलं, आता एकही जाहिरात येणार नाही) असं म्हणून माझ्या मुलाने यूब्लॉक ओरिजिन या ब्लॉकरमधल्या यच्चयावत लिस्ट चालू केल्या. आधीचा एक ब्लॉकर होताच, तोही तसाच आहे. जाहिराती गेल्या खऱ्या, पण लाइटबिल भरताना पेमेंटचं पान नुसतं गोल गोल फिरतं आणि लॅपटॉप हळू झालाय. काय काढू?

उत्तर : सगळ्यात आधी तो जुना ब्लॉकर. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. एकाने दुरुस्त केलेलं दुसरा मोडतो, आणि दोघंही मेमरी खातात ती वेगळीच. तुमच्या हळू लॅपटॉपचं निम्मं दुखणं बहुतेक इथेच असेल.

आता लिस्ट. चिरंजीवांचा समज असा की जितक्या लिस्ट जास्त तितक्या जाहिराती कमी. वाटतं खरं तसं, पण या लिस्ट एकमेकींवर मोठ्या प्रमाणात चढलेल्या असतात. ईझीलिस्ट ही त्यातली थोरली. रिक पेटनेल नावाच्या माणसाने २००५ मध्ये ती सुरू केली. २००९ मध्ये तो वारला, पण त्याच्या मागे स्वयंसेवकांनी ती आजतागायत चालू ठेवली आहे. अ‍ॅडगार्डच्या एक्स्टेन्शनमधला (अ‍ॅडगार्ड हाही एक ब्लॉकरच; एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) ‘बेस’ फिल्टर ईझीलिस्टला पोटात घेऊनच बनलेला असतो, म्हणजे तिथे दोन्ही लावणं हा नुसता दुहेरी खर्च. यूब्लॉक ओरिजिनमध्ये प्रत्येक लिस्टसमोर दोन आकडे दिसतात : लिस्टमधले एकूण नियम किती आणि त्यातले प्रत्यक्ष वापरात किती. एखाद्या लिस्टचे हजारो नियम असून वापरात मूठभरच असतील, तर तिचं काम दुसरी कुणीतरी आधीच करते आहे. मुलाला हे आकडे दाखवा. माझं व्याख्यान ऐकण्यापेक्षा त्याला ते लवकर पटेल.

पेमेंटचं पान अडतं त्याचं कारण निराळं. लिस्टमधले नियम ढोबळमानाने दोन जातींचे. एक जात दारातच अडवते : अमुक पत्त्यावरून काही मागवायचंच नाही. दुसरी जात आलेल्या वस्तूवर पडदा टाकते : पानातला हा चौकोन दिसू द्यायचा नाही. पडद्यावाले नियम चुकले तर फार तर एखादं बटण गायब होतं. दारातले नियम चुकले की पान अर्धवट उघडतं, कारण बँकेचं पान त्याच क्षणी तिसऱ्याच कुठल्या सर्व्हरची वाट बघत बसलेलं असतं. कडक लिस्ट जितक्या वाढवाल तितकी ही शक्यता वाढते.

म्हणून सेटिंगमधून ‘रीसेट टू डीफॉल्ट’ करा. मूळच्या निवडीत यूब्लॉकच्या स्वतःच्या लिस्ट (त्यांतली ‘अनब्रेक’ नावाची लिस्ट मोडलेली पानं सांधण्यासाठीच आहे), ईझीलिस्ट, तुमचा माग काढणाऱ्यांना अडवणारी ईझीप्रायव्हसी, पीटर लो यांची जाहिरातींच्या सर्व्हरची लिस्ट आणि घातक पत्त्यांची एक लिस्ट, एवढं असतं. घरगुती वापराला ते भरपूर आहे. तरीही एखाद्या दिवशी पेमेंट अडलंच तर त्या पानावर असताना ब्लॉकरचं मोठं पॉवरचं बटण दाबून फक्त त्या साइटपुरता तो बंद करा, बिल भरा, परत चालू करा.

प्रश्न (दांडिया बाजार) : इंग्रजी साइट एकदम साफ दिसतात, पण गुजराती आणि मराठी बातम्यांच्या साइटवर जाहिराती तशाच. ब्लॉकरला आपल्या भाषांचं वावडं आहे का?

उत्तर : वावडं नाही, ओळख नाही. ईझीलिस्टचा भर इंग्रजी आणि आंतरराष्ट्रीय साइटवर. आपल्याकडच्या साइट स्वतःचे चौकोन स्वतःच्या नावाने बसवतात, ते तिला ठाऊक नसतात. त्यासाठी प्रादेशिक लिस्ट असतात, आणि आपल्यासाठी आहे ती इंडियनलिस्ट. सेटिंगमध्ये लिस्टांच्या पानावर खाली प्रदेश आणि भाषांचा विभाग आहे, तिथे ती सापडेल.

मग ती आपोआप का लागली नाही? यूब्लॉक ओरिजिन बसवताना तुमच्या ब्राउझरची भाषा बघून प्रादेशिक लिस्ट निवडतो. आपल्या बडोद्यात घरात मराठी, बाजारात गुजराती, टीव्हीवर हिंदी, आणि ब्राउझर मात्र इंग्रजीत! त्या बिचाऱ्याला वाटतं साहेब विलायतेत राहतात. तेव्हा इंडियनलिस्टवर हाताने टिक करा. तिथेच चिनी, रशियन, जर्मन लिस्टही दिसतील. त्या भाषांतलं तुम्ही काही वाचत नसाल तर त्यांना हात लावू नका.

मला या लिस्टचं महत्त्व ऑगस्ट २०२४ च्या पुरात कळलं. रात्री वीज नव्हती, फोनची बॅटरी संपत आलेली, आणि विश्वामित्री नदीची पातळी किती एवढा एकच आकडा हवा होता. तो आकडा जाहिरातींच्या चार थरांखाली होता आणि प्रत्येक थर डेटा खात होता. दुसऱ्याच आठवड्यात घरातल्या सगळ्या फोनवर इंडियनलिस्ट लागली.

प्रश्न (कारेलीबाग) : क्रोमने माझा यूब्लॉक ओरिजिन बंदच करून टाकला. त्याची ‘लाइट’ आवृत्ती घेतली, पण तिच्यात पूर्वीसारखं काही दिसत नाही. माझं काही चुकलं का?

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही. गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनचे नियम बदलले. या नव्या चौकटीचं नाव मॅनिफेस्ट व्ही थ्री. जुन्या चौकटीतली एक्स्टेन्शन २०२५ मध्ये क्रोममधून पूर्ण बाद झाली. पूर्वी प्रत्येक मागणी ब्लॉकर स्वतः तपासायचा. आता तो नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती देतो आणि अडवण्याचं काम ब्राउझर करतो. त्या यादीला मर्यादाही आहे.

लिस्टच्या बाबतीत यातून एक व्यावहारिक फरक पडतो. यूब्लॉक ओरिजिन लाइटमध्ये लिस्ट एक्स्टेन्शनच्या गठ्ठ्यातच बांधून येतात. एक्स्टेन्शन अपडेट झालं की त्या बदलतात, मधे नाही. मूळ यूब्लॉक ओरिजिन मात्र त्या परस्पर ताज्या करून घेतो. जाहिरातवाले रोज चाल बदलतात, तेव्हा हा फरक जाणवतोच. तरी लाइट टाकाऊ नाही. त्याच्या सेटिंगमध्ये लिस्टांचं पान आहे, तिथे इंडियनलिस्ट चालू करा आणि मोड (म्हणजे अडवण्याचा कडकपणा) ‘बेसिक’वर असेल तर ‘ऑप्टिमल’ करा. ‘कम्प्लीट’ जरूर पडली तरच, एखाद्या साइटपुरता. मी स्वतः फायरफॉक्सवर गेले, कारण तिथे मूळ यूब्लॉक ओरिजिन अजून चालतो. दोन दिवस बुकमार्क शोधण्यात गेले, मग सवय झाली.

प्रश्न (फतेगंज, विद्यार्थी) : होस्टेलच्या ग्रुपवर एका ‘सुपर लिस्ट’ची लिंक फिरते आहे. ती ब्लॉकरच्या ‘कस्टम’ लिस्टांमध्ये टाकली की म्हणे सगळं ब्लॉक. टाकू का?

उत्तर : नको टाकूस. लिस्ट म्हणजे नुसती यादी असं तुला वाटत असेल, पण तुझ्या ब्राउझरने काय आणायचं आणि काय नाही हे ती ठरवते. २०१९ मध्ये आर्मिन सेबास्टियन या संशोधकाने दाखवलं होतं की अ‍ॅडब्लॉक प्लस या ब्लॉकरमधला पत्ते बदलणारा एक पर्याय वापरून लिस्ट चालवणारा माणूस काही साइटवर स्वतःचा कोड घुसवू शकतो. तो पर्याय पुढे काढून टाकला गेला. अशी एक फट बुजली, म्हणून अनोळखी माणसाच्या हाती किल्ली द्यायची नसते. बाहेरची लिस्ट घ्यायचीच असेल तर आधी ती ब्राउझरमध्ये नुसती उघडून बघ. वरच्या चार ओळींत ती कुणाची, शेवटची कधी बदलली, तक्रार कुठे करायची हे लिहिलेलं असतं. ते नसेल किंवा तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल, तर बंद कर. मधल्या ओळींत ‘@@’ ने सुरू होणारे नियम दिसले तर ते अपवाद असतात, म्हणजे ‘याला जाऊ द्या’. भल्या लिस्टमध्येही ते असतात, पण ‘सगळं ब्लॉक’ करणाऱ्या लिस्टमध्ये त्यांचीच रांग लागलेली असली तर काय समजायचं ते समज.

प्रश्न (राजमहल रोड) : वडील ७४ वर्षांचे. कस्टमर केअरचा नंबर शोधताना वर येणाऱ्या जाहिरातीलाच खरं समजतात. फोनवर क्रोम आहे. त्यांच्यासाठी कोणती लिस्ट?

उत्तर : अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनच बसत नाही, त्यामुळे लिस्टच्या आधी ब्राउझर बदला. अँड्रॉइडचा फायरफॉक्स, त्यात यूब्लॉक ओरिजिन, मूळच्या लिस्ट आणि इंडियनलिस्ट. सर्चच्या माथ्यावरच्या जाहिराती ईझीलिस्टनेच झाकल्या जातात. तुमची काळजी अगदी रास्त आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही लोकांना बजावलं होतं की ठग लोक नामांकित कंपन्यांची नावं लावून सर्चमध्ये जाहिराती विकत घेतात, तेव्हा शोधताना अ‍ॅड ब्लॉकर वापरा. यूब्लॉकची ‘बॅडवेअर रिस्क्स’ ही लिस्ट चालू असेल तर तिच्यातल्या साइटवर जाण्याआधी इशाऱ्याचं पान येतं. ते पान कसं दिसतं हे वडिलांना एकदा शेजारी बसून समजावून सांगा, नाहीतर ते ‘पुढे जा’ दाबतील. माझे दाबतात.

इतर अ‍ॅपसाठी अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’चं सेटिंग आहे (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा). अ‍ॅडगार्डच्या मोफत डीएनएसचं नाव तिथे घातलं की जाहिरातींचे बरेचसे पत्ते फोनभर बंद होतात. त्याने यूट्यूबच्या जाहिराती मात्र जाणार नाहीत. जाहिरात आणि व्हिडिओ एकाच घरातून येतात, आणि डीएनएसला फक्त घराची पाटी वाचता येते.

प्रश्न (सयाजीगंज) : काही साइट म्हणतात, ब्लॉकर बंद करा नाहीतर वाचू देणार नाही. यावर लिस्ट आहे का?

उत्तर : आहे, आणि यूब्लॉकच्या मूळ लिस्टही त्यावर बरंच काम करतात. पान अडलंच तर आधी लिस्ट ताज्या करून बघा. पण ती साइट तुम्ही रोज वाचत असाल आणि तिथल्या जाहिराती सोसण्यासारख्या असतील, तर तिच्यापुरता ब्लॉकर बंद ठेवा. आमच्या घरी सकाळी चहाबरोबर वाचायच्या एका छोट्या साइटला अशी सूट आहे. तिथे उजव्या कोपऱ्यात एका फरसाणवाल्याची जाहिरात असते, आणि ती बघून मी दोनदा भाकरवडी आणली आहे.