चाळीतल्या आगीनंतर: मुलांपुढे विषय काढायचा की टाळायचा?

ताई, गिरगावच्या तुमच्या चाळीत आग लागून तीन आठवडे झाले. नऊ वर्षांची लेक अंथरूण ओलं करते, गॅस पेटला की गॅलरीत पळते, भातुकलीतही रोज आगच खेळते. पंधरा वर्षांचा मुलगा गप्प आहे. सासूबाई म्हणतात, विषयच नको.

मुलांनी विषय काढला तर तोडू नका, नाही काढला तर खोदून विचारू नका. एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्याने मन मोकळं होत नाही, उलट त्रास वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका असंच सांगते.

ओल्या अंथरुणावरून बोलू नका, चादर बदलून टाका. जळजळ होत असेल तर लघवी तपासा. खेळ थांबवू नका, पण शेवट काय होतो ते बघा. बंब येतो, माणसं खाली उतरतात, असं होऊ लागलं तर ती सावरतेय. रोज तोच शेवट आणि खेळून आणखी बिथरत असेल तर ती अडकलीय. तेव्हा हळूच विचारा, "बंब कुठवर आला गं?"

खरी मेख गॅसची आहे. ती रडली की तुम्ही लगेच गॅस बंद करता, आणि तिच्या मनात पक्कं बसतं की पळाले म्हणून वाचले. भीतीला 0 ते 10 गुण द्यायला तिलाच सांगा. मग पायरीपायरीने गॅसची सवय करा: आधी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी, गॅस बंद. मग दारातूनच पेटता गॅस बघायचा. मग तुमचा हात धरून ओट्यापाशी. भीती 6 वर गेली तर तिथेच थांबा, 3 वर उतरली की बाहेर या. भर भीतीत बाहेर पडलात तर तिची भीती आणखी पक्की होऊ शकते. एक पायरी सोपी होईपर्यंत पुढची नको. चाळीच्या ग्रुपवरचे आगीचे व्हिडिओ दोघांच्याही नजरेआड करा. शाळेत आगीची तालीम असेल तर आधी कळवा, असं वर्गशिक्षिकेला सांगून ठेवा.

मुलाची मला जास्त काळजी वाटते. या वयात "मी आधी ओरडायला हवं होतं" असा दोष मुलं मनातच ठेवतात. समोर बसवून विचारलंत तर बोलणार नाही, चौपाटीवर सोबत चालताना बोलेल. "तुझी काय चूक?" म्हणून विषय मिटवू नका. त्या क्षणी त्याला नेमकं काय दिसत होतं, काय कळणं शक्य होतं, हे त्याच्यासोबत उलगडा. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एरवी महिना उलटूनही झोप, शाळा, जेवण रुळावर आलं नाही तर केईएम, सायन किंवा नायरच्या मानसोपचार ओपीडीत जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. झोपेच्या गोळ्या मागू नका, या त्रासावर मुलांना त्या देत नाहीत. आघातावरची सीबीटी (विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती) करता का आणि पालकांनाही सत्रात घेता का, हे दोन प्रश्न मात्र जरूर विचारा. साधारण 12 ते 16 सत्रं लागतात, आठवड्याला एक.