पेट स्कॅनमध्ये चमकणारी गाठ कॅन्सरचीच असते का?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६१ असून त्यांनी दहा वर्षांपूर्वी बिडी सोडली. दोन महिने खोकला राहिल्याने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात २.४ सेंटिमीटरची गाठ आढळली आणि पेट स्कॅनमध्ये ती चमकली. डॉक्टरांनी बायॉप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणे, सुचवले आहे. पण सुई लागली की कॅन्सर पसरतो, असे नातेवाईक म्हणतात. आधी टीबीची औषधे देऊन पाहावीत का?

उत्तर : गाठ चमकली म्हणजे कॅन्सर सिद्ध झाला, असे नाही. या तपासणीत शिरेतून दिलेली किरणोत्सारी साखर ज्या पेशी अधिक शोषतात त्या उजळ दिसतात, आणि क्षयाच्या जंतूंशी झुंजणाऱ्या पेशीही ती कॅन्सरच्या पेशींइतक्याच हावरेपणाने शोषू शकतात. क्षयाची अशी घट्ट गाठ, म्हणजे ट्यूबरक्युलोमा, बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागातच होते आणि कधी कधी तिच्या कडाही कॅन्सरसारख्या काटेरी दिसतात. रेंगाळलेला न्यूमोनिया आणि बुरशीचा संसर्गही असेच फसवतात.

तरीही वय आणि बिडीची जुनी सवय पाहता कॅन्सरची शक्यता बाजूला सारता येत नाही. म्हणून नुसत्या अंदाजाने टीबीची औषधे सुरू करणे मला धोक्याचे वाटते. गाठ कॅन्सरची निघाली तर मधले महिने वाया जातात आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून जाऊ शकते.

सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणे अत्यंत विरळ आहे. खरी जोखीम फुप्फुसाभोवती हवा साचण्याची असते, आणि त्यासाठीच नंतर एक्स-रे काढतात. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

एक गोष्ट मात्र आग्रहाने विचारून घ्या. काढलेला तुकडा सगळाच्या सगळा फॉर्मॅलिन या टिकवण्याच्या द्रवात टाकला, तर त्यातील क्षयजंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे, करता येत नाही. त्यामुळे एक भाग सलाइनमध्ये ठेवून कल्चर आणि जीनएक्सपर्ट (क्षयजंतूंची जनुके शोधणारी तपासणी) या तपासण्यांसाठी पाठवायला हवा. घरात जुना एक्स-रे किंवा स्कॅन असेल तर तोही घेऊन जा, कारण अशी घट्ट गाठ दोन वर्षे जशीच्या तशी असेल तर ती कॅन्सरची असण्याची शक्यता बरीच कमी होते.

अहवालात केवळ ‘सूज आढळली, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत’ एवढेच लिहिलेले असेल, तर निर्धास्त होऊ नका. सुई गाठीच्या नेमक्या भागात पोचली नसण्याची शक्यता उरते, आणि अशा वेळी पुन्हा बायॉप्सी करायची की गाठच काढून तपासायची, हे छातीरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी एकत्र बसून ठरवावे.